सांगणारा कुठं झोपतो

मन्मथअप्पा कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. समोर मंत्री बसलेला असो की नवरी मुलगी, आधी छत, मग माणूस. माझ्या लग्नात नांदेडच्या मंगल कार्यालयात ते अक्षता मुठीत धरून इतका वेळ वर बघत उभे होते की माझ्या सासूबाईंनी हळूच विचारलं, "त्या गृहस्थांना मानेचा काही त्रास आहे का?" मी म्हटलं, "नाही, ते आमचे विज्ञान संपादक आहेत." सासूबाईंचं तेवढ्यावर समाधान झालं. विज्ञानवाले असेच असतात, असं त्यांना वाटलं असावं.

दुसरी सवय खांद्याची. बोलता बोलता, वाचता वाचता उजव्या हाताची बोटं डाव्या खांद्यावरून फिरायची आणि काहीतरी झटकायची. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण चोरून बघून घ्यायचा की खांद्यावर आहे तरी काय. काही नसायचं. डोक्यावर केस नाहीत तिथं कोंडा कुठून येणार? आमचा फोटोग्राफर अझहर म्हणायचा, "अप्पाके खांदेपे कोई बैठता है." आम्ही हसायचो. आता हे लिहिताना हसू येत नाही.

नांदेडच्या आमच्या दैनिकात दर आठवड्याला 'असं का?' नावाचं एक पान निघायचं. ते पान म्हणजे अप्पा, मन्मथअप्पा बिराजदार. मी उदगीरची, कापडदुकानदाराची मुलगी, नुकतीच पत्रकारिता शिकून आलेली, आणि मला क्राइम करायचं होतं. मला टाकलं विज्ञानाच्या पानावर. मी घरी जाऊन रडले होते. वडील म्हणाले, "बिराजदारांच्या हाताखाली हायस न? मग गप शिक. आपल्यातला माणूस हाय, वळण लावंल." वळण लावलं, पण वडिलांना अभिप्रेत होतं ते नव्हे.

अप्पा मूळचे औशाचे. बाजारात वडिलांचं किराणा दुकान. आई लवकर गेली आणि थोरल्या बहिणीनं, आक्कानं, वाढवलं. मग लातूरला बी. एस्सी., मग जवळच्याच मुरुडच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर. पोरं प्रश्न विचारायची आणि हे उत्तरं लिहून लातूरच्या पेपरला पाठवायचे. पोरांपेक्षा पालकच जास्त वाचायला लागले, तेव्हा पेपरवाल्यांनी बोलावून घेतलं आणि शाळा सुटली. त्र्याण्णवच्या त्या भूकंपानंतर लातूर सोडलं, नांदेडला आले, ते पुन्हा लातूरला राहायला गेले नाहीत. ही सगळी माहिती मी तुकड्यातुकड्यानं गोळा केली. सकाळी ऑफिससमोरच्या गाड्यावर आम्ही सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, खायला जायचो, तेव्हा ते थोडंथोडं बोलायचे. आक्काचा विषय निघाला की मात्र कागदावरचे उरलेले मुरमुरे तसेच ठेवून उठायचे. "चल, पान लावायचंय," म्हणायचे. पेपरचं पान लावायला अजून अख्खा दिवस असायचा.

माझी पहिली बातमी ग्रहणाची होती. मी मोठ्या झोकात शेवट केला होता: 'त्यामुळे गर्भवती महिलांनी घाबरण्याचे कारण नाही.' अप्पांनी ते वाक्य उडवलं.

"का?" मी म्हटलं. "हे चूक आहे का?"

"चूक न्हाई. पण तुला कुणी विचारलं?"

"अप्पा, अंधश्रद्धा घालवायची म्हणून तर..."

"मग लिही, ग्रहणानं पोटातल्या लेकराला काही होत नाही. तेवढं ठाव हाय आपल्याला. घाबरायचं का न्हाई ते तिचं ती बघंल. तिला नवऱ्याची भीती वाटत असंल, सासूची वाटत असंल. तू कोण कारण न्हाई म्हणणारी?"

मला राग आला होता. एका ओळीसाठी एवढं प्रवचन! पण मग पाहिलं तर हा नियमच होता. डेंग्यू असो, बिबट्या असो, धरणाची भेग असो, 'घाबरण्याचे कारण नाही' ही ओळ अप्पांच्या पानावर कधी छापून आली नाही. त्याऐवजी शेवटी एक ओळ सक्तीची: काय माहीत नाही, आणि कुणाला माहीत नाही. नुसतं 'संशोधन चालू आहे' म्हटलेलं चालायचं नाही. "संशोधन काय आपोआप चालतं व्हय? कोण करायलंय, त्याला काय कळंना गेलंय, ते लिही." वाचकांची पत्रं यायची की बिराजदारसर, तुमच्या पानावर शेवटी नेहमी माहीत नाही, माहीत नाही, मग आम्ही पेपर घ्यायचा कशाला? अप्पा ती पत्रं आवडीनं वाचायचे.

आणि त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. कुणी साहेब, कुणी तज्ज्ञ, कुणी महाराज एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगायला लागला की अप्पा मला हळूच म्हणायचे, "सांगणारा कुठं झोपतो ते विचार."

हे मी एकदा खरंच केलं, आणि माझी फजिती झाली. एका गावाजवळच्या तलावाची भिंत पाझरत होती. पाटबंधाऱ्याच्या एका साहेबांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की भिंत भक्कम आहे, खालच्या वस्तीला धोका नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, "साहेब, आज रात्री आपण त्या वस्तीत झोपाल का?" मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच. बाईमाणसानं साहेबाला असं विचारावं! साहेब लाल झाले. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या मालक-संपादकांनी, मला बोलावून चांगलं झापलं. मी तणतणत अप्पांच्या टेबलाशी आले. "तुमच्यामुळं माझी इज्जत गेली!" अप्पांनी चष्मा काढला, पुसला. "झोपतो म्हणाला का?" "नाही." "मग बातमी मिळाली न तुला," ते म्हणाले, आणि त्यांचा हात खांद्याकडे गेला.

ते स्वतः नांदेडबाहेर विष्णुपुरीला पत्र्याच्या घरात राहायचे. चांगला पगार होता, तिथल्या कॉलेजच्या बाजूला स्लॅबची घरं स्वस्तात मिळत होती तेव्हाही घेतलं नाही. नांदेडचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच कळेल पत्र्याखाली राहणं म्हणजे काय. मे महिन्यात त्यांच्याकडं जेवायला बसलं की ताटातली भाकरी पुन्हा भाजून निघायची. सुमनकाकू, त्यांची बायको, पदरानं वारा घेत म्हणायची, "विज्ञानाचा संपादक हाय ना गं माझा नवरा, म्हणून मला भट्टीत ठेवलंय. जळत कसं न्हाई त्याचा प्रयोग चाललाय." अप्पा खाली मान घालून जेवायचे. एकदा ते हात धुवायला उठल्यावर काकू हळूच म्हणाली, "झोपत न्हाईत गं. इतक्या वर्षात ह्यांना घोरताना मी ऐकलं न्हाई. दचकून उठतात आणि अंथरूण झटकत बसतात. म्हणतात, माती पडायलीय. पत्र्यातून कुठून माती पडंल?"

रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे. मी चिडवायचे, "काय अप्पा, विज्ञानवाले आणि पूजा?" ते म्हणायचे, "तिथं मी काही सांगत न्हाई, काही विचारत न्हाई. नुसता बसतो." मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटलं होतं.

आमच्या भागात जमीन बोलते. लातूर-नांदेडकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मधूनच कुठल्यातरी गावात जमिनीतून गडगड आवाज येतो, भांडी वाजतात, कुत्री ओरडतात, आणि अख्खं गाव अंथरुणं घेऊन अंगणात येतं. त्या भूकंपाचं ज्याला आठवतं तो आवाज ऐकून घरात थांबत नाही. आणि असा आवाज आला की अप्पांचा फोन वाजायला लागायचा. गावोगावच्या लोकांकडं त्यांचा नंबर होता. पलीकडून प्रश्न एकच. "अप्पा, झोपावं का आत?" अप्पांचंही उत्तर एकच. "मला माहीत न्हाई. अंगणात झोपा." प्रत्येक फोन घ्यायचे, जेवणावरून उठून घ्यायचे, आणि ठेवला की चेहरा असा व्हायचा की आम्ही त्या दिवशी त्यांना चिडवत नसू.

मागच्या एका थंडीत हे फार वाढलं. नांदेडच्या वरच्या अंगाला काही गावांत रोजच आवाज यायला लागले. लोक उघड्यावर, थंडी कडाक्याची. वरून कुठून तरी सूचना आली असावी, कारण भाऊसाहेब स्वतः आमच्या टेबलाशी आले.

"अप्पा, तुमच्या नावानं चार ओळी द्या. पहिल्या पानावर छापतो. घाबरण्याचे कारण नाही, घरात झोपा."

"ते मी लिहीत न्हाई, ठाव हाय तुम्हाला."

"लोक तुमचं ऐकतात."

"ऐकतात म्हणूनच."

भाऊसाहेब एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी चिडले. "ठीक. मग म्हातारी माणसं, लेकरं बाहेर काकडून मेली तर त्याचं पाप कुणाला? तुमच्या माहीत नाहीनं ऊब येते का कुणाला?"

मला, खरं सांगते, भाऊसाहेबांचं बरोबर वाटलं होतं. अप्पा एवढंच म्हणाले, "उद्या जाऊन येतो." मी म्हटलं, "मी पण येते." आम्ही ऑफिसची जीप घेतली आणि अझहर चालवायला बसला.

गाव तसं छोटं. जाड दगडी भिंतींची घरं, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. आमच्याकडं त्याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम, आणि वर ज्वारी वाळत घालता येते. त्या दिवशी घरं सगळी रिकामी होती आणि माणसं रानात, नाही तर शाळेच्या पत्र्याच्या खोल्यांत. एका लिंबाखाली प्लास्टिकचा कागद बांधून त्याच्या आडोशाला एक बाज टाकली होती. बाजेवर ओली बाळंतीण, कुशीत लेकरू, बाजेखाली शेगडी. लेकराचं बारसंही झालेलं नव्हतं. खोकत होतं. एवढ्याशा जिवाचा खोकला ऐकवत नाही.

बाळंतिणीची आई, कमलबाई, पुढं आली. अप्पांना पेपरातल्या फोटोवरून ओळखलं होतं तिनं.

"बरं झालं आलाव. आता तुम्हीच सांगा. न्यावं का लेकराला आत?"

मला उत्तर माहीत होतं. अप्पा म्हणाले, "मला माहीत न्हाई, बाई."

कमलबाईनं कमरेवर हात ठेवले. "माहीत न्हाई म्हणायला नांदेडहून जीप घेऊन आलाव व्हय? ते तर मला बी माहीत न्हाई! शाळेच्या पत्र्यात जावं तर निम्मं गाव खोकत पडलंय तिथं, त्यात ओल्या बाळंतिणीला कुठं घालू? आत न्यावं तर वर माळवद, भाईर ठिवावं तर थंडी. लेकरू निळं पडायलंय रात्रीला. शिकलेली माणसं तुम्ही, काय तरी बोला की!"

अप्पांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, "घर दाखव."

घरात शिरताना त्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. तुळया काळ्या पडल्या होत्या, फळ्यांच्या फटींतून बारीक माती झिरपत होती. अप्पांच्या डाव्या खांद्यावर ती पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पहिल्यांदाच तिथं खरोखर काहीतरी होतं. आणि अप्पांनी झटकलं नाही.

"दरसाल माती टाकता वर?" त्यांनी विचारलं.

"हाव, उन्हाळ्यात. माझा भाऊ येतो टाकायला."

"जुनी काढतो का तो आधी?"

"जुनी कशाला काढावी? वरूनच टाकायची. गळू न्हाई म्हणून."

अप्पा मटकन उंबऱ्यावर बसले. मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत. तांब्या हातात धरून बोलायला लागले, माझ्याशी, पण बघत होते समोरच्या भिंतीकडं.

"आक्काच्या माळवदावर मीच टाकायचो, वैजू. औशापलीकडं दिलती तिला. मेव्हण्याला दमा, म्हणून ते काम भावाचं. शाळेत होतो तवापासनं. गावाच्या पांढरीची माती, गाढवावर आणायची, टोपल्यांनी वर चढवायची, जुन्यावर नवी. मास्तर झालो, पेपरात गेलो, तरी उन्हाळ्यात ते चुकवलं न्हाई. आक्काची एक रीत होती. माती टाकणाऱ्यानं त्या रात्री तिच्याच खाली झोपायचं. म्हणायची, चुकलं असंल तर आधी तुझ्या नाकावर पडू दे. मग मी झोपायचो. रातभर बारीक माती खांद्यावर पडायची. सकाळी आक्का च्या घेऊन यायची आणि आधी माझा खांदा झटकायची."

बाहेर लेकरू खोकलं. अप्पांनी मागं वळून बघितलं.

"त्या साली माती टाकली आणि संध्याकाळच्याच एस्टीनं लातूरला गेलो. पान लावायचं होतं. आक्का म्हणाली, रीत मोडायलास मन्या. मी हसलो. मग तिकडं जमीन वाजायला लागली, लोक भाईर झोपायले. मी लेख लिहिला. आपलं पठार लई जुनं, लई कठीण, घाबरण्याचे कारण नाही. आक्कानं औशाला बाजारात येऊन फोन केला. मास्तरानं वाचून दाखवलं म्हणे तुझं. झोपू का मग आत? मी म्हटलं, झोप. ती म्हणाली, तू म्हणतोस तर झोपते बाबा. गणपती बोळवून दमून आली होती सगळी, आणि झोपली."

त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडं ते कुणाला विचारावं लागत नाही.

"तिनं घराचं विचारलं होतं पोरी," ते म्हणाले. "मी जमिनीचं सांगितलं. जमिनीचं मला काय ठाव होतं? पुस्तकातलं. घराचं मात्र सगळं ठाव होतं. वर काय पडलंय ते माझ्याइतकं कुणालाच ठाव नव्हतं. आणि मी लातूरला स्लॅबखाली पंखा लावून झोपलो होतो."

मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. तुमची चूक नव्हती, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मला वाटलं, हे म्हणजे 'घाबरण्याचे कारण नाही'च झालं, म्हणून मिटलं. 

मग अप्पा उठले. तांब्या कमलबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, "खोरं आण. आणि टोपलं."

"काय करायलाव?"

ते शिडीनं वर चढायला लागले. अझहर धावला. "अप्पा, उमर देखो अपनी! उतरो नीचे!" अप्पांनी डोक्याला रुमाल बांधला आणि माळवदावरच्या मातीत खोरं मारलं. पहिलं टोपलं अंगणात रिकामं झालं तेव्हा कमलबाई ओरडली, "अहो, पावसाळ्यात गळंल न घर माझं!"

"गळू दे."

"धान्य भिजंल!"

"भिजू दे. भिजलेलं वाळतं, बाई."

कमलबाई वर बघत राहिली. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिनं पदर खोचला आणि शिडीला हात घातला. मग तिचा जावई आला. मग शेजारचे दोघे-तिघे. अझहरनं कॅमेरा जीपमध्ये ठेवला आणि तोही चढला. मी खाली टोपली घेत होते. कुजलेला कडबा, ज्वारीच्या काड्या, एका जुन्या थरात हिरव्या बांगडीचा तुकडा. कमलबाईनं तो ओळखला, म्हणाली, "माझ्या सासूची." अप्पांना खोकल्याची उबळ यायची, ते बसायचे, पुन्हा उठायचे. कुणाचंही ऐकत नव्हते. ऊन कललं तेव्हा घराभोवती मातीचा बांध तयार झाला होता आणि माळवदावर पातळसा थर तेवढा राहिला होता.

खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. कमलबाईनं पुन्हा तेच विचारलं. आता तिच्या आवाजात चीड नव्हती.

"आता नेऊ का लेकराला आत?"

आम्ही सगळे अप्पांकडं बघत होतो. मला वाटलं, आता तरी हो म्हणतील.

"वरचं वजन कमी झालं," ते म्हणाले. "एवढं मला माहीत हाय. भिंती दगडाच्याच हायत. जमीन काय करंल ते मला माहीत न्हाई, आणि जो माहीत हाय म्हणंल त्याचं ऐकू नको. आजची रात लेकीला आणि लेकराला आमच्या जीपमध्ये झोपव, काचा लावून. आत मी झोपतो. सकाळी विचार मला."

मी त्यांना बाजूला घेतलं. "अप्पा, काहीतरीच काय! काकू मला जिवंत सोडायची नाही. तुम्ही कशाला आत झोपता?"

"वरच्या मातीला हात लावला न मी. लावणाऱ्यानं खाली झोपायचं."

 भाऊसाहेबांना जीप पंक्चर झाली म्हणून सांग, असं वर शिकवलं मला, आयुष्यभर खरं लिहायला लावणाऱ्या माणसानं! आम्हाला फाट्यावरून शेवटची एस्टी गाठायची होती. निघताना विचारलं, "बातमीत लिहू का, तुम्ही आत झोपलात ते?"

"खबरदार," अप्पा म्हणाले. "ते छापलंस तर उद्या दहा गावं आत झोपतील. माती उतरवा म्हणून लिही. कशी उतरवायची ते लिही. आणि शेवटी?"

"काय माहीत नाही ते."

"हां. जा आता."

मी तशीच बातमी दिली. भाऊसाहेबांनी कुरकुर करत छापली. काही गावांनी माती उतरवली, काहींनी गळतीच्या भीतीनं नाही उतरवली. त्या भागातले आवाज हळूहळू थांबले. का थांबले ते माहीत नाही, आणि ज्यांनी येऊन यंत्रं बसवली त्यांनाही ते सांगता आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मला लातूरच्या कार्यालयात पाठवलं. अप्पांच्या छातीत त्या धुळीनं धरलं होतं ते सुटलं नाही. फोनवर बोलायचे, खोकायचे, "पान लागलं का?" विचारायचे. येते भेटायला, येते, म्हणत राहिले मी. उन्हाळा लागायच्या आत सुमनकाकूचाच फोन आला.

आमच्यात, लिंगायतांत, पुरतात. बसवून. विष्णुपुरीला गेले तेव्हा अप्पांना खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवलं होतं. कपाळावर विभूती, अंगावर पांढरी शाल, डोळे मिटलेले, पूजेला बसायचे तसे. गर्दीत कमलबाई होती, कुशीत नातू घेऊन. चांगलं गुटगुटीत झालं होतं पोरगं. ती मला चिकटून उभी राहिली आणि कानाशी बोलायला लागली.

"मी रातभर दाराशी बसले व्हते बाई. वाटलं, वरून काय झालं तर वडून काढावं म्हाताऱ्याला. तर आतून घोरायचा आवाज! जे घोरलेत, जे घोरलेत. सकाळी च्या घेऊन गेले, म्हटलं, आता सांगा, झोपावं का आत? तर म्हणले, मला माहीत न्हाई. मला झोप लागली, एवढं माहीत हाय."

मी तिचा हात घट्ट धरला. हे काकूला सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात माती द्यायला सुरुवात झाली. पुरुष खोऱ्यानं ओढायला लागले, बायका मुठीनं. माझी मूठ उघडेना. शेजारून कमलबाई एकदम मोठ्यानं म्हणाली, "थोडी थोडी टाका गं बायांनो. थोडी थोडी टाका."

कुणाला काही कळलं नाही. एका म्हातारीनं तिच्याकडं रागानं बघितलं. मी मूठ उघडली. थोडी माती खाली गेली आणि थोडी अप्पांच्या डाव्या खांद्यावर, शालीवर पडून राहिली. आणि मी वेडी, त्यांचा हात वर यायची वाट बघत उभी राहिले.